खंड्या एका कुशीवर का झोपतो? किंगफिशरच्या फ्लोटचं जुनं दुखणं

व्हॉट ओएस टू यू किंगफिशर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन नौदलाचं पाण्यावर उतरणारं विमान. त्याचं प्लास्टिकचं मॉडेल मी आजवर चार वेळा बांधलं. दोनदा ७२च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या एक बहात्तरांश, दोनदा ४८च्या. पहिल्या तिन्ही वेळा काम संपवून मॉडेल टेबलावर ठेवलं, समोर खाली वाकून पाहिलं, तर तेच दृश्य. पोटाखालचा मोठा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगायचा होडीसारखा भाग, जागेवर, डाव्या पंखाखालचा छोटा फ्लोट टेबलाला टेकायला आलेला आणि उजवा हवेत. घरात त्याचं नाव पडलं लंगडा खंड्या. चौथ्या वेळी सरळ बसलं, आणि तेव्हा कळलं की आधीच्या तिन्ही वेळी मी शिक्षा भलत्यालाच करत होतो. फ्लोट काढायचा, घासायचा, परत चिकटवायचा. दोष मात्र बहुतेक वेळा फ्लोटचा नव्हताच.

हे विमान या दुखण्याला इतकं का बळी पडतं, ते आधी बघू. दोन फ्लोटांचं विमान टेबलावर निदान दोन पायांवर उभं राहतं, थोडी चूक पोटात घालतं. किंगफिशरला मध्ये एकच फ्लोट आणि पंखांच्या टोकांकडे दोन छोटे आधाराचे. युद्धनौकेवरच्या कॅटापल्टवरून फेकायचं आणि परत आल्यावर क्रेनने उचलायचं, अशी त्याची नोकरी. खऱ्या विमानाचा पंखविस्तार १०.९५ मीटर, म्हणजे ४८च्या मापात २२८ मिलिमीटर. निम्मा पंख ११४ मिलिमीटरचा झाला. धड फ्लोटवर फक्त १ अंशाने कलंडलं, तर एक टोक २ मिलिमीटर वर जातं आणि दुसरं २ मिलिमीटर खाली. दोन टोकांत ४ मिलिमीटरचा फरक. छोट्या फ्लोटखालची फट डोळ्याला लगेच दिसते, कारण तिच्या शेजारीच टेबलाची सरळ रेष असते. १ अंशाची चूक लपवायला या विमानात जागाच नाही.

सगळ्यात आधी टेबल तपासा. हसू नका. माझ्या पहिल्या किंगफिशरचा निम्मा तिरकेपणा आमच्या बाल्कनीचा होता. पावसाचं पाणी मोरीकडे जावं म्हणून गवंड्याने फरशीला ढाळ दिलेला, आणि मी त्या ढाळावर टेबल मांडून महिनाभर विमान 'सरळ' करत बसलो होतो. परीक्षा सोपी आहे. मॉडेल आहे तिथेच १८० अंशांत फिरवा. आधी डावा पंख खाली होता आणि फिरवल्यावरही डावाच खाली राहिला, तर दोष मॉडेलमध्ये. उजवा खाली आला, तर दोष टेबलात. जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या, तिच्याखाली कागदाच्या घड्या सारून पाणसळीने समतल करा आणि पुढची सगळी मापं त्या काचेवरच घ्या.

दुसरा संशयित म्हणजे चाकांची गाडी. किंगफिशर किनाऱ्यावर ओढून आणायला फ्लोटखाली चाकं लावत, आणि बऱ्याच किटमध्ये ती गाडी असते. तिचं एक चाक अर्धा मिलिमीटर वर बसलं की सगळं विमान कलतं आणि आळ येतो फ्लोटवर. मॉडेल गाडीवरून उतरवा, फ्लोट दोन पुठ्ठ्यांच्या खाचेत धरा आणि पुन्हा बघा. माझ्या ७२च्या दुसऱ्या मॉडेलचा आजार एवढाच निघाला. चाकाखालचा भाग सँडपेपरवर चार वेळा ओढला आणि विषय संपला.

आता खरं निदान. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: तिरका झाला केव्हा? चिकटवतानाच, रात्रीतून, की काही महिन्यांनी? तिन्हींची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी.

चिकटवतानाच तिरका

इथे गवंड्याची हत्यारं लागतात, ओळंबा आणि गुण्या. शिवणकामाच्या दोऱ्याला मासे पकडायच्या गळाचं शिसं बांधा आणि तो दोरा मॉडेलच्या मागे टांगा. मॉडेल काचेवर असं धरा की शेपटीची उभी फिन दोऱ्याला समांतर येईल. तसंच धरून दोन्ही पंखांच्या टोकांची काचेपासूनची उंची मोजा. उंची सारखी आली तर पंख निर्दोष, मग फ्लोटकडे वळा. सारखी नाही आली तर फ्लोटला हात लावू नका. तुमचे पंखच दोन वेगवेगळ्या कोनांत वर गेलेत.

माझ्या तीनपैकी दोन लंगड्या खंड्यांत हाच आजार होता. पंखाची मुळाशी जाडी ८ मिलिमीटर धरली, तर १ अंशाचा फरक पडायला तिथे ०.१४ मिलिमीटरचा अडथळा पुरतो. स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात ती, कापल्यावर राहिलेला एक छोटा टेंगूळ, किंवा सांध्यातून बाहेर येऊन सुकलेला सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या द्रावणाचा) थेंब. ड्राय फिट, म्हणजे न चिकटवता भाग जुळवून बघताना, आपण पंख हाताने दाबून धरतो, म्हणून तो कळत नाही. हात सोडला की पंख आपल्या मनाच्या कोनात जातो. म्हणून ड्राय फिट नेहमी टेपने करा, हाताने नको. आणि टेप लावून पाच मिनिटं चहाला जा. परत आल्यावर जे दिसेल ते खरं.

पंख आधीच चिकटून गेला असेल तर सांध्यात वरच्या किंवा खालच्या बाजूने पातळ करवत अर्ध्यापर्यंत चालवा, ०.२५ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटची पट्टी हवी तेवढी घासून त्या फटीत सारा आणि पातळ सिमेंट सोडा. पंख खाली आणायचा तर पट्टी वरून, वर न्यायचा तर खालून. पुट्टी नंतर. पुट्टी भरून कोन बदलत नाही, मी तो प्रयोगही करून बसलोय.

मोबाइलचा एक उपयोग इथे सांगतो. मॉडेलच्या जवळ जाऊन समोरून फोटो काढला तर भिंगामुळे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, आणि नसलेला तिरकेपणा दिसू लागतो. दोन-तीन मीटर मागे जा, झूम करा, कॅमेरा पंखाच्या उंचीवर आणा आणि मग काढा. त्या फोटोवर पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत रेघ मारली की सत्य समोर येतं.

पंख सरळ निघाले, फिन सरळ निघाली, आणि तरी फ्लोट तिरका? मग फ्लोट तपासा, पण आधी तो एकटा. फ्लोटचे डावे-उजवे दोन अर्धे चिकटवताना रबरबँड करकचून आवळले की फ्लोट पिळवटतो. पुढचा तळ एकीकडे बघतो, मागचा दुसरीकडे. काचेवर उलटा ठेवून मागून बघा. पीळ असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ धरून, सरळ पट्टीला बांधून थंड होऊ द्यायचा. पाणी उकळतं नको, हात लावला तर पटकन मागे घ्यावासा वाटेल इतपतच. एक काळजी घ्या. बंद फ्लोटमध्ये हवा असते, ती तापून फुगते आणि सांधा फाकवते. चाकगाडीमागे झाकलं जाईल अशा जागी आधी एक बारीक भोक पाडून ठेवा.

यानंतर उरतात ते स्ट्रट, म्हणजे फ्लोटला धडाशी जोडणाऱ्या बारीक काड्या. बहुतेकांचं चुकतं ते इथे: स्ट्रट एकेक करून धडाला चिकटवायचे आणि शेवटी त्यांच्यावर फ्लोट ठेवायचा. प्रत्येक स्ट्रटची थोडी थोडी चूक फ्लोटपाशी गोळा होते. स्ट्रटने फ्लोटची जागा ठरवू नये. जागा साच्याने ठरवावी आणि स्ट्रटने ती फक्त टिकवावी.

साचा मी सनबोर्डचा करतो. आर्किटेक्चरची पोरं मॉडेलला वापरतात तो, कोणत्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. मॉडेल पाठीवर, म्हणजे उलटं झोपवायचं. दोन्ही पंखांखाली सारख्या उंचीचे ठोकळे, धडाला खाच, आणि किंगफिशरची ती कॉकपिटवरची लांबलचक काचेची कॅनपी अजून लावलेली नसावी, नाहीतर ती आधी फुटेल. मग धडाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावून त्यांच्या वरच्या टोकाला फ्लोटच्या आकाराची खाच कापायची. फ्लोट त्या खाचेत हवेत अडकून राहतो, स्ट्रट त्याला अजून लागलेलेही नसतात. गुण्या लावून बघा, वरून बघा, पुढून बघा. फ्लोटचं नाक आणि विमानाचं नाक एका रेषेत हवं. मनासारखं झालं की मगच स्ट्रट सारायचे.

सारायचे कसे? प्रत्येक स्ट्रटच्या दोन्ही टोकांत ०.५ मिलिमीटरची पितळी तार बसवा. ७२च्या मापात ०.३ची. धडातलं भोक तारेच्या मापाचं ठेवा, पण फ्लोटमधलं मुद्दाम दुप्पट मोठं पाडा. त्या सैल भोकात तीस मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी भरा. तार त्यात तरंगते आणि साचा सांगेल त्या जागी थांबते. घट्ट भोक पाडलंत तर तारच कोन ठरवायला लागते आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे वापरू नका. तिसऱ्या स्ट्रटपर्यंत पोचेस्तोवर पहिला दगड झालेला असतो.

रात्री सरळ, सकाळी तिरका

हे प्लास्टिकच्या सिमेंटचं काम. ते पॉलिस्टायरीन वितळवून सांधा करतं, आणि सांधा वरून कोरडा वाटला तरी आत दिवस-दोन दिवस मऊ राहतो. त्यात आपण विमान फ्लोटवर उभं करून झोपायला जातो. इंजिनच्या आवरणात वजन भरलेलं असतं, ते सगळं बारीक स्ट्रटवर येतं, आणि मऊ सांधा रात्रभर हळूहळू सरकतो. उपाय एकच, ४८ तास साच्यातून काढायचं नाही. उलटं झोपवलेलं असल्याने फ्लोटवर वजनही येत नाही.

मुळात वजन नाकात कशाला? चाकगाडीवर मॉडेल मागे बसू नये म्हणून भरायचंच असेल तर फ्लोटच्या पुढच्या पोकळीत भरा. तिथलं वजन स्ट्रटना उचलावं लागत नाही आणि मॉडेल खालून जड झाल्याने धक्का लागला तरी कमी डुलतं.

पण भरताना माझ्यासारखं करू नका. पहिल्या ४८च्या फ्लोटमध्ये मी शिशाचे छर्रे पांढऱ्या सुतारी गोंदात कालवून ओतले होते. दोन पावसाळे गेले आणि फ्लोटचा वरचा सांधा पिकलेल्या फणसासारखा उकलला, आतून पांढरी भुकटी. त्या गोंदातून निघणारं ॲसिटिक आम्ल शिशाला खातं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो, शिशाचं कार्बोनेट होतं आणि ते फुगतं. जुन्या काळी शिशावर व्हिनेगरची वाफ सोडून सफेदा बनवत, तोच कारखाना मी फ्लोटच्या पोटात उघडला होता. बंद पोकळी आणि आपल्याकडची दमट हवा, त्याला आणखी काय हवं? छर्रे इपॉक्सीत बसवा, पूर्ण बुडतील असे. तोंडातही शिसं धरू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

महिन्यांनी तिरका

इथे तीन आरोपी. पहिला सुपरग्लू. ओढून बघितलं तर घट्ट, पण आडव्या धक्क्याला ठिसूळ. फडक्याने धूळ झटकताना छोट्या फ्लोटला टिचकी बसते, स्ट्रटच्या मुळाशी केसासारखी चीर पडते, आणि विमान त्या बाजूला हळूच झुकतं. आतमध्ये पितळी तार असेल तर ही वेळच येत नाही.

दुसरा रंग. स्ट्रट आणि फ्लोट वेगवेगळे रंगवून मग जोडले, आणि जोडायच्या जागचा रंग खरवडला नाही, तर सिमेंट प्लास्टिकला नाही, रंगाला चिकटतं. रंगाचा पापुद्रा सुटला की सगळंच सुटलं. टोकं टेपने झाकून रंगवा.

तिसरा आरोपी ताणतारा, आणि हा सज्जन दिसतो म्हणून सापडत नाही. स्ट्रटच्या मधल्या तिरप्या तारा करायला कोणी नायलॉनचा धागा ओवतो आणि उदबत्ती जवळ नेऊन ताणून घेतो. छान टणत्कार येतो. तो ताण पुढचे सहा महिने त्या काडीएवढ्या स्ट्रटला ओढत राहतो. एका बाजूचा धागा जरा जास्त ताणला गेला असला की छोटा फ्लोट तिकडे वळतो. लायक्राचा बारीक इलास्टिक धागा वापरा, जेमतेम सरळ होईल इतकाच ओढा, टोकाला सुपरग्लूचा टिंब द्या. तो धागा बोट लागलं तरी तुटत नाही आणि दमट हवेत ढिलाही दिसत नाही.

उन्हाचंही सांगतो. पॉलिस्टायरीन मऊ पडायला जवळपास १०० अंश लागतात, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाने स्ट्रट लगेच वाकत नाही. पण रेझिनचे सुटे भाग त्याच्या कितीतरी आधी लोळण घेतात. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेपाशी मॉडेल ठेवून प्रदर्शनाला गेलात, तर पोचल्यावर काय दिसेल ते मी सांगायला नको.

झालेलं मॉडेल सोडवायचं कसं

रंगवलेलं, डेकल (खुणांची चिकटचित्रं) लावलेलं मॉडेल मोडायचा धीर होत नाही, हे कबूल. सुपरग्लूचा सांधा असेल तर डीप फ्रीझर वापरा. मॉडेल हवाबंद पिशवीत घालून तासभर ठेवा, थंडीने सुपरग्लू आणखी ठिसूळ होतो, मग स्ट्रट मुळाशी धरून हलकेच पिळला की टक् आवाज होऊन सुटतो. घरात आधी सांगून ठेवा. आमच्याकडे विमान मटारच्या पिशवीखाली गेलं आणि फ्लोट सुटायच्या आधी प्रोपेलर सुटला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, मॉडेलवर दव धरतं.

सिमेंटचा सांधा थंडीने सुटत नाही, कारण तिथे दोन तुकडे राहिलेलेच नसतात. तो करवतीनेच कापायचा. ॲसिटोनचा मोह टाळा, सांध्याबरोबर विमानही विरघळेल.

सुटल्यावर स्ट्रटना तारा बसवा आणि वरच्या साच्याची गोष्ट पहिल्यापासून. पंखांखालचे छोटे फ्लोट सगळ्यात शेवटी लावायचे. बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्याचे दोन अगदी सारखे ठोकळे कापा, काचेवर ठेवा आणि छोटे फ्लोट त्यांच्यावर टेकवून मग स्ट्रट जोडा. पंखात अजूनही अर्ध्या अंशाची चूक शिल्लक असेल तर ती इथे स्ट्रटच्या लांबीत गिळता येते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. लोक विमानावरच्या अमेरिकन राष्ट्रचिन्हाची कड १९४३च्या जूनमधली लाल की ऑगस्टनंतरची निळी यावर तासभर वाद घालतात, पण स्ट्रटची लांबी मोजताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही.

फारच वैताग आला तर चाकांचं किंगफिशरही होतं, फ्लोट नसलेलं. ते बांधा. मी नाही बांधणार.

आणि आता लंगड्या खंड्यांपैकी ज्याला मी मोडलं नाही, त्याचं काय केलं ते. खरं किंगफिशर पाण्यात थांबलेलं असताना दोन्ही छोटे फ्लोट एकदम पाण्याला टेकवून बसत नसे. ते एका कुशीवर कलायचं, एक छोटा फ्लोट पाण्यात, दुसरा वर. म्हणजे टेबलावर जो दोष, तो पाण्यात गुण. मी त्याला लाकडी पाटावर पारदर्शक इपॉक्सीच्या पाण्यात बसवलं. थर २-३ मिलिमीटरचेच ओतले आणि मध्ये एकेक दिवस थांबलो, कारण जाड थर सुकताना इतका तापतो की फ्लोट वाकू शकतो. आधी सुक्यात मोठ्या फ्लोटवर पेन्सिलने पाण्याची रेघ आखून घ्या, कललेल्या बाजूला ती थोडी वर आणि दुसऱ्या बाजूला थोडी खाली. कललेल्या बाजूचा छोटा फ्लोट तळापुरता बुडावा, त्याहून जास्त नको, नाहीतर विमान बुडतंय असं वाटतं.

अपवाद एकच. ३० एप्रिल आणि १ मे १९४४च्या दरम्यान पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांजवळ नॉर्थ कॅरोलायना या युद्धनौकेच्या जॉन बर्न्स या वैमानिकाने पाण्यात पडलेले सहकारी किंगफिशरच्या पंखांवर बसवले. तेवढ्या वजनाने उडणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने विमान पाण्यावरूनच हाकत टँग पाणबुडीपर्यंत नेलं. तो प्रसंग करायचा असेल तर पाण्याची रेघ मोठ्या फ्लोटवर नेहमीपेक्षा वर घ्या, आणि माणसं आधी चिकटवून मग विमान बुडवा. मी उलट केलं होतं, आणि शेवटच्या माणसाला चिमट्याने बसवताना डाव्या पंखाखालची एक ताणतार पुन्हा सुटली.